मासा आजारी पडतो तेव्हा

(एका माध्यमिक विद्यालयाच्या विज्ञान मंडळात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे एका माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आपल्या विज्ञान मंडळाने आजच्या भाषणासाठी जो विषय सुचविला, तो वरवर पाहता अगदी लहानसा वाटेल. घरातील काचेच्या टाकीत पाळलेला एखादा मासा आजारी पडला तर काय करावे, एवढाच हा प्रश्न आहे. शेती, पाटबंधारे, आरोग्य असे मोठे विषय समोर असताना या चिमुकल्या जिवाचा विचार करण्याचे प्रयोजन काय, असेही कोणी विचारील. परंतु ज्या घरात मासा आजारी पडतो, त्या घरातील मुलाला विचारून पाहावे. त्या दिवशी त्याला दुसरे काहीही महत्त्वाचे वाटत नाही. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून ते प्रथम टाकीपाशी धावते. आणि अशा वेळी घरातील वडील मंडळी बहुधा एकच वाक्य बोलतात, "मासाच तर आहे, मेला तर दुसरा आणू." हे वाक्य समजूत घालण्यासाठी उच्चारलेले असते, यात शंका नाही. तथापि त्यातून मुलाला कोणता धडा मिळतो, याचा आपण विचार करावयास हवा.

मी मत्स्यशास्त्राचा तज्ज्ञ नव्हे. तज्ज्ञांचे ज्ञान सोप्या शब्दांत लोकांपर्यंत पोहोचविणे एवढेच माझे काम, आणि त्याच भूमिकेतून मी येथे उभा आहे.

छंदाची पार्श्वभूमी

पाण्यातील जीवसृष्टी काचेआड ठेवून पाहण्याचा छंद आपल्याला वाटतो तितका जुना नाही. चीनमध्ये सोनेरी रंगाच्या माशांची निपज शेकडो वर्षांपासून होत आली; पण ते मासे तळ्यांत किंवा चिनी मातीच्या भांड्यांत ठेवीत. काचेच्या टाकीत मासा दीर्घकाळ जगावयाचा, तर पाण्यात काय घडावे लागते, याचा पद्धतशीर अभ्यास १८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने केला. त्याने एका मोठ्या काचपात्रात गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून त्यांच्यात समतोल कसा साधतो हे दाखवून दिले. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनतेसाठी मत्स्यालय उघडण्यात आले. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. मुंबई पाहावयास आलेल्या खेड्यापाड्यांतील कितीतरी कुटुंबांनी माशांची रंगीत दुनिया प्रथम पाहिली ती तेथेच. आज हा छंद जिल्ह्याच्या नव्हे, तालुक्याच्या गावीही पोहोचला आहे. गप्पी, मॉली, एंजल, टेट्रा, फायटर ही नावे मुलांच्या तोंडी सहज असतात.

टाकी घरी आणणे सोपे झाले. टाकीचे ज्ञान मात्र तिच्याबरोबर घरी आले नाही. माशांच्या बहुतेक आजारांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

प्रथम पाण्याकडे पाहा

मासा मलूल दिसू लागला की आपण माशाकडे पाहतो. खरे तर प्रथम पाण्याकडे पाहावयास हवे. आपण हवेत राहतो, परंतु आपले सांडपाणी आपल्या श्वासात मिसळत नाही. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात त्याचे मलमूत्रही मिसळते. इतकेच नव्हे, तर त्याच्या शरीरातील बराचसा अमोनिया कल्ल्यांवाटे सरळ पाण्यात उतरतो. हा अमोनिया अल्प प्रमाणातही विषारी आहे. तो कल्ल्यांचा दाह करतो. मग पाण्यात प्राणवायू असूनही माशाला तो घेता येत नाही.

नदीत किंवा तळ्यात पाणी विपुल असते, त्यामुळे हे विष विरळ होते. टाकीत ते काम डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट बनवितात आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट बनवितात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. हे जिवाणू टाकीतील खडी, फिल्टरमधील स्पंज, काच, वनस्पतींची पाने यांवर वस्ती करून असतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र रविवारी टाकी आणतो, त्याच सायंकाळी तिच्यात दहा मासे सोडतो आणि पुढच्या रविवारी "मासे आजारी होते, दुकानदाराने फसविले" असे म्हणतो. वास्तविक त्या माशांना बाधलेली असते ती आपली घाई.

गोल काचेच्या बरणीत एकटा गोल्डफिश ठेवण्याची प्रथा याच कारणाने सोडून द्यावी. गोल्डफिश हा मोठा होणारा, भरपूर खाणारा आणि पाणी लवकर खराब करणारा मासा आहे. बरणीचे तोंड अरुंद, पाणी थोडे, फिल्टर नाही. अशा ठिकाणी तो काही महिने तग धरतो, याचे श्रेय त्याच्या सोशिकपणाला द्यावे लागेल.

पाण्याची दुसरी बाब म्हणजे प्राणवायू. पाणी जितके उष्ण, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. २० अंश सेल्सियस तपमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. विदर्भ, मराठवाड्यातील उन्हाळ्यात टाकीचे पाणी याहूनही तापते. त्यातच वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, तर टाकीतील सर्व मासे एकाच वेळी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. हा रोग नव्हे, ही गुदमर आहे. अशा वेळी औषधाची बाटली शोधू नये. स्वच्छ तांब्याने टाकीतलेच पाणी घेऊन थोड्या उंचीवरून पुनःपुन्हा टाकीत ओतावे, म्हणजे हवा पाण्यात मिसळते. टाकी उन्हातून हलविता येत नसेल, तर खिडकीला पडदा लावावा.

तिसरी बाब म्हणजे आपण नकळत पाण्यात मिसळत असलेली द्रव्ये. नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन असते. आपल्याला ते हितकर, माशाच्या कल्ल्यांना मात्र दाहक. म्हणून नळाचे पाणी उघड्या बादलीत किमान एक दिवस ठेवून मग वापरावे, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीननाशक द्रावण योग्य मात्रेत घालावे. जेथे क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, तेथे नुसते पाणी ठेवून भागत नाही. तेथे द्रावणच लागते. तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेले पाणी टाकीत घालू नये. तांब्याचा अंश माशांना, विशेषतः गोगलगाई आणि कोळंबीला बाधतो. साबणाने धुतलेली बादली टाकीसाठी वापरू नये. डास मारण्याचे फवारे हे तर माशांचे मोठे शत्रू आहेत. त्यांतील अनेक द्रव्ये माणसाला फारशी न बाधणाऱ्या प्रमाणातही माशांचा जीव घेतात. घरात फवारणी किंवा रंगकाम करावयाचे असेल, तर टाकी झाकावी आणि तेवढा वेळ हवेचा पंप बंद ठेवावा, कारण पंप खोलीतील हवाच पाण्यात ओढतो. पंप फार वेळ बंद ठेवता येत नाही, म्हणून शक्य तर टाकी आधीच दुसऱ्या खोलीत हलवावी.

लक्षणे कशी वाचावीत

डॉक्टर रुग्णाला प्रश्न विचारतो. माशाला बोलता येत नाही, म्हणून पाहणाऱ्याने स्वतःलाच प्रश्न विचारावयाचे असतात. पहिला प्रश्न हा, की त्रास सर्व माशांना आहे की एकालाच? सर्व मासे एकदम अस्वस्थ झाले, तर दोष बहुधा पाण्याचा. एकच मासा मलूल असेल, तर आजार, जखम किंवा इतर माशांची दांडगाई यांचा विचार करावा. दुसरा प्रश्न, हे अचानक घडले की हळूहळू? तिसरा प्रश्न, गेल्या दोन-तीन आठवड्यांत काय बदलले? नवा मासा आला, फिल्टर धुतला, नवे खाद्य आणले, थंडी पडली, पाहुण्यांच्या मुलांनी मूठभर खाद्य टाकले, असे एखादे कारण बहुधा सापडते.

यानंतर माशाचे अंग निरखावे. पर अंगाशी मिटून घेणे, कोपऱ्यात स्थिर राहणे, खाद्याकडे पाठ फिरविणे ही सर्वसाधारण आजारपणाची चिन्हे होत. परांच्या कडा झिजून फाटल्यासारख्या दिसत असतील, तर ती परकुज समजावी. अस्वच्छ पाण्यात जिवाणूंमुळे ती होते आणि आरंभीच लक्षात आल्यास पाणी सुधारताच बहुधा थांबते. जखमेवर कापसाच्या पुंजक्यासारखी वाढ दिसली, तर ती बुरशी असण्याचा संभव असतो. मात्र तोंडाभोवती दिसणारा तसाच पांढरा थर पुष्कळदा जिवाणूजन्य असतो आणि तो झपाट्याने पसरतो. गोल्डफिश तिरपा किंवा उलटा तरंगू लागला, तर त्याच्या वाताशयाचे काम बिघडले आहे असे समजावे. शरीर फुगट असलेल्या शोभिवंत जातींत हे अधिक आढळते. दोन-तीन दिवस लंघन आणि नंतर उकडून सोललेला मटाराचा दाणा कुस्करून देणे, एवढ्याने कित्येकदा गुण येतो. पोट फुगून खवले देवदाराच्या बोंडासारखे उभे राहिले असतील, तर प्रकृती गंभीर आहे. शरीरात पाणी साठल्याची ती खूण असून तेथवर पोहोचलेला मासा क्वचितच वाचतो.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग

आता ज्या रोगाने घरगुती टाक्यांमध्ये सर्वाधिक धुमाकूळ घातला आहे, त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. नाशिक, पुणे, नगर या भागांत मार्गशीर्ष-पौषातील थंडी पडली, रात्रीत पाण्याचे तपमान पाच-सहा अंशांनी उतरले, की माशाची प्रतिकारशक्ती मंदावते. मासा खडीवर, काचेवर अंग घासू लागतो. एक-दोन दिवसांत त्याच्या अंगावर व परांवर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात. दुकानदार त्याला 'व्हाइट स्पॉट' किंवा 'इच' म्हणतात. इक्थिओफ्थिरियस या लांबलचक नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे हा रोग होतो. बव्हंशी तो नव्याने आणलेल्या माशाबरोबर टाकीत येतो.

या परजीवीचे जीवनचक्र समजून घेतल्याखेरीज त्याच्यावर उपचार करता येत नाही, म्हणून विद्यार्थ्यांनी हे नीट ऐकावे. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेखाली शिरून बसलेला परजीवी. तेथे तो काही दिवस माशाच्या शरीरावर पोसला जातो. त्वचेचे आवरण वर असल्यामुळे पाण्यात घातलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पूर्ण वाढ झाली, की तो माशाला सोडून तळाशी जातो, खडीला किंवा पानाला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करून विभागू लागतो. एकाची शेकडो पिले होतात, कधी हजारापर्यंतही. ही पिले कवच फोडून पाण्यात पोहू लागतात आणि दुसरा मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर ती मरतात. औषधाचा मारा लागू पडतो तो या पोहत्या अवस्थेतच.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी, की औषध घातल्यावर दुसऱ्याच दिवशी ठिपके गेले नाहीत म्हणून निराश होऊ नये, किंवा दुप्पट मात्रा घालू नये. दुसरी अशी, की ठिपके दिसेनासे झाले म्हणून उपचार थांबवू नये. ठिपके गेले याचा अर्थ परजीवी तळाशी जाऊन विभागत आहेत, असाही असू शकतो. मुले येथेच फसतात. मंगळवारी मासा स्वच्छ दिसतो, आनंदाने औषध बंद होते, आणि पुढच्या मंगळवारी टाकीतील प्रत्येक मासा ठिपक्यांनी भरून जातो. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही किमान आठवडाभर उपचार चालू ठेवावेत.

उपचार असे. पाणी उबदार असेल, तर परजीवीचे चक्र लवकर पुरे होते आणि तो औषधाच्या तावडीत लवकर सापडतो. थंड पाण्यात हेच चक्र कित्येक आठवडे रेंगाळते. म्हणून उष्ण कटिबंधातील माशांच्या टाकीत हीटर लावून तपमान दिवसाला एक-दोन अंश अशा गतीने २८ ते ३० अंशांपर्यंत न्यावे. एकदम वाढवू नये. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा. त्याच्या टाकीत तपमान इतके चढवू नये. तपमान वाढले की प्राणवायू कमी होतो, हे आपण मघाशी पाहिले. तेव्हा हवेचा पंप पूर्ण वेळ चालू ठेवावा.

दुसरा उपचार मिठाचा. मीठ म्हणजे कोणतेही रसायन न मिसळलेले साधे जाडे मीठ. त्याचे प्रमाण मोजून घ्यावे. 'चिमूटभर', 'मूठभर' ही मापे स्वयंपाकघरात ठीक आहेत. टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला १,००० ने भागावे, म्हणजे लिटर मिळतात. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर पाणी असलेल्या टाकीत ४५ लिटर पाणी झाले. त्यातून खडी, दगड यांनी व्यापलेली जागा वजा केली, तर सुमारे ४० लिटर धरावे. लिटरला दोन ग्रॅम या हिशेबाने ८० ग्रॅम मीठ लागेल. ते वेगळ्या भांड्यात विरघळवून, तीन भाग करून, दीड-दोन दिवसांत थोडेथोडे घालावे. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी नवे पाणी घालताना पुन्हा मीठ घालू नये. पाणी बदलले असेल, तर मात्र जेवढे पाणी काढले तेवढ्यापुरतेच मीठ घालावे. खवले नसलेल्या मिशाळ माशांना आणि नाजूक पाणवनस्पतींना मीठ सोसत नाही. त्यांच्यासाठी प्रमाण निम्मे ठेवावे किंवा जाणत्याचा सल्ला घ्यावा.

यानेही भागले नाही, तर बाजारातील औषध वापरावे लागते. त्यांपैकी अनेकांत मॅलॅकाइट ग्रीन असते. ते प्रभावी आहे, परंतु विषारीही आहे. खाद्यमाशांच्या बाबतीत त्याचा वापर निषिद्ध आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे ते मुलांच्या हाती का देऊ नये, हे निराळे सांगावयास नको. औषध मोठ्यांनी, हातमोजे घालून, बाटलीवरील मात्रेनुसारच घालावे आणि त्या काळात फिल्टरमधील कोळसा काढून ठेवावा, कारण कोळसा औषध शोषून घेतो.

उपचारातील अपचार

निळ्या औषधाच्या बाटलीवर आपल्याकडे फार विश्वास आहे. मासा कोणत्याही कारणाने मलूल झाला, की मेथिलीन ब्ल्यूचे थेंब टाकीत पडतात. हे औषध निरुपयोगी नाही. माशांच्या अंड्यांवरील बुरशी रोखण्यासाठी आणि वेगळ्या भांड्यात उपचार करण्यासाठी त्याचा उपयोग होतो. परंतु मुख्य टाकीत ते घातले, तर अमोनियाचे रूपांतर करणारे उपकारक जिवाणू त्याने दुबळे होतात आणि वनस्पतींनाही ते बाधते. म्हणजे एक रोग घालविण्याच्या प्रयत्नात आपण पाण्याचे आरोग्य बिघडवितो.

याहून गंभीर प्रकार म्हणजे घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या कॅप्सूल फोडून टाकीत टाकणे. निदान नाही, मात्रा नाही, मुदत नाही. अशा वापराने औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात. ते पाणी शेवटी गटारात व तेथून नदीनाल्यात जाते, तेव्हा हा प्रश्न एका टाकीपुरता राहत नाही. प्रतिजैविक पशुवैद्यकाच्या सल्ल्याखेरीज वापरू नये, हा नियम माणसांच्या औषधांइतक्याच काटेकोरपणे पाळावा.

तिसरी चूक अतिस्वच्छतेची. मासा आजारी पडला म्हणून सारी टाकी रिकामी करून खडी, फिल्टर, सर्व काही नळाखाली घासून धुण्याचा उत्साह काहींना येतो. त्यात उपकारक जिवाणू नाहीसे होतात आणि आजारी माशाला पुन्हा नव्या टाकीचे विष सोसावे लागते. पाणी बदलावयाचे ते एका वेळी चौथाई ते तिसरा हिस्सा, तेही टाकीतील पाण्याच्याच तपमानाचे. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा.

आणि खाद्य. निरोगी मोठा मासा काही दिवस उपाशी राहू शकतो. जास्त खाद्याने मात्र तो आणि त्याचे पाणी, दोन्ही बिघडतात. दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे, आणि आजारात त्याहूनही कमी.

खबरदारी : माशाची आणि आपली

नवा मासा आणल्यावर त्याला सरळ जुन्या टाकीत सोडू नये. एखाद्या स्वच्छ प्लॅस्टिकच्या टबात, हवेचा पंप लावून, दोन ते चार आठवडे वेगळा ठेवावा. या काळात दडलेला रोग बहुधा प्रकट होतो. पिशवी पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून तपमान जुळवावे; मात्र पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. हाच टब पुढे आजारी माशाचे रुग्णालय म्हणून उपयोगी पडतो.

माणसानेही काळजी घ्यावी. हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये, कारण माशांमधील काही जिवाणूंपासून माणसाच्या त्वचेवर दीर्घकाळ न भरणारी गाठ होऊ शकते. टाकीचे काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. नळीने पाणी काढताना ती तोंडाने ओढू नये. पंप, हीटर यांना हात लावण्यापूर्वी विजेचे बटण बंद करावे. या सूचना साध्या आहेत, परंतु त्या पाळल्या पाहिजेत.

जेव्हा उपाय उरत नाही

सर्व प्रयत्न करूनही काही मासे वाचत नाहीत. अशा वेळी घरातून दोन प्रकारच्या सूचना येतात. एक, मासा शौचकूपात टाकून पाणी सोडावे. दुसरी, जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडून द्यावा, म्हणजे 'बिचारा मोकळा होईल'. पहिल्या कृतीत निष्ठुरता आहे, हे सांगावे लागत नाही. दुसरी कृती दयेची वाटते, आणि म्हणूनच तिच्याविषयी अधिक सावध राहावयास हवे.

आजारी मासा नदीत सोडणे म्हणजे त्याचा रोग नदीतील माशांना देणे होय. निरोगी परदेशी मासा सोडणे हेही तितकेच घातक. काच चाटून स्वच्छ ठेवतो म्हणून ज्याला आपण हौसेने आणतो, तो दक्षिण अमेरिकेतील सकरमासा मोठा झाल्यावर लोकांनी तळ्यांत सोडला. आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागापासून केरळपर्यंत अनेक जलाशयांत त्याने ठाण मांडले आहे. त्याचे कवच कठीण, काटे तीक्ष्ण. तो जाळी फाडतो, स्थानिक माशांचे अन्न खातो आणि बाजारात त्याला भाव नाही. एका घरातील हौसेचा भार शेवटी भोई बांधवांच्या जाळ्यावर पडतो. आपल्या राज्यातील नद्या आणि धरणे यांना हा धोका नाही, असे समजण्याचे कारण नाही. म्हणून टाकीतील मासा, गोगलगाय किंवा वनस्पती कधीही नैसर्गिक पाण्यात सोडू नये. मासा सांभाळणे शक्य नसेल, तर तो दुसऱ्या छंदिष्टाला द्यावा किंवा दुकानदाराकडे परत करावा.

मासा यातना भोगत असेल आणि बरा होण्याची आशा नसेल, तर त्याला वेदनारहित मरण देण्याची पद्धत आहे. लवंगेच्या तेलातील भूल आणणाऱ्या द्रव्याचा त्यासाठी उपयोग करतात. हे काम पशुवैद्यकाच्या मार्गदर्शनाखाली मोठ्या माणसांनी करावे. जिवंत मासा बर्फाच्या कप्प्यात ठेवणे हा दयेचा मार्ग नव्हे. मेलेला मासा कुंडीत किंवा अंगणात खोल पुरावा.

मदत कोठे मिळेल

प्रत्येक पशुवैद्यकाला माशांचा अनुभव असतोच असे नाही, तरी सुरुवात तेथून करावी. आपल्या राज्यात मत्स्यशास्त्राच्या शिक्षणाची आणि संशोधनाची परंपरा मोठी आहे. मुंबईत वर्सोवा येथे केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून कार्यरत आहे. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ साली मत्स्य महाविद्यालय स्थापन झाले. नागपूर आणि उदगीर येथेही अशी महाविद्यालये आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी मत्स्यव्यवसाय विभागाचे सहायक आयुक्त असतात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संवर्धनालाही स्थान देण्यात आले. तेव्हा आज टाकीपुढे बसून निरीक्षणे करणाऱ्या मुलामुलींपैकी कोणाला उद्या हा व्यवसाय किंवा हे शास्त्र निवडावेसे वाटले, तर दार उघडे आहे.

मात्र मदत मागण्यापूर्वी आपली माहिती तयार असावी. यासाठी विज्ञान मंडळाला माझी एक सूचना आहे. ज्यांच्या घरी टाकी आहे अशा प्रत्येक विद्यार्थ्याने एक लहान वही ठेवावी. पाण्याचे तपमान, पाणी किती व केव्हा बदलले, कोणते खाद्य दिले, नवा मासा कधी आणला, कोणत्या माशाने खाणे सोडले, हे रोज दोन ओळींत लिहावे. मासा आजारी पडला, की ती वहीच त्याच्या वतीने बोलेल. शाळेत अमोनिया, नायट्राइट आणि सामू तपासण्याचा एक संच सामायिक ठेवता आला, तर रसायनशास्त्राचा धडा आणि घरातील टाकी यांचा सांधा आपोआप जुळेल.

पालकांना शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. मूल आजारी माशासाठी रडते तेव्हा ते दुसऱ्या जिवाची जबाबदारी मनावर घेत असते. त्या वेळी "दुसरा आणू" असे म्हणण्याऐवजी त्याच्याजवळ बसावे आणि "पाणी पाहू या का?" असे विचारावे. मासा वाचेल किंवा वाचणार नाही. पण कारण शोधावे, मोजून उपाय करावा, घाई करू नये आणि आपल्या हौसेचा उपद्रव नदीला व दुसऱ्या माणसाला होऊ देऊ नये, एवढे त्या मुलाला शिकावयास मिळेल. उद्याच्या नागरिकाला याहून अधिक उपयोगी शिक्षण घराच्या एका कोपऱ्यात, चाळीस लिटर पाण्यात, क्वचितच मिळत असेल.

 ज्यांच्या टाकीत या क्षणी एखादा मासा आजारी असेल, त्यांनी प्रश्न विचारण्यासाठी अवश्य थांबावे.